न शिजलेला क्विनोआ

कुडाळजवळच्या एका गावात बदलून आलेल्या तिलोत्तमाबाई मास्तरणींनी पिंपळाखालचं रिकामं घर भाड्यानं घेतलं. पहिल्याच रविवारी भर दुपारी त्यांनी क्विनोआ हे राजगिऱ्यासारखं परदेशी धान्य कडूपणा जावा म्हणून चोळून चोळून धुतलं आणि दुप्पट पाण्यात गॅसवर चढवलं. तेवढ्यात मानेवर थंडगार श्वास आला.

मागे ब्रह्मराक्षस उभा होता. त्याची सावली पडत नव्हती. “या घरात राहणाऱ्याला मी खातो,” तो म्हणाला. “पण मी वेदशास्त्रसंपन्न आहे. शेवटची इच्छा पुरवतो.”

बाईंनी गॅसकडे बोट दाखवलं. “पातेल्यातलं हे धान्य शिजेपर्यंत मला हात लावू नका.”

“दिला शब्द! माझा शब्द देवालाही मोडता येत नाही.”

पाणी खदखदू लागलं तसा तो एकेक पाऊल जवळ सरकू लागला. बाईंनी झटकन गॅस बंद केला आणि अर्धेकच्चे दाणे खिडकीतून खालच्या ओढ्यात ओतून दिले.

“हे काय केलंस?”

“ते आता कधीच शिजणार नाही. आपण शब्द पाळा.”

ब्रह्मराक्षस वाहत्या पाण्याकडे बघत राहिला आणि हळूहळू धुरासारखा विरला.

बाई त्या घरात अकरा वर्षं सुखानं राहिल्या. क्विनोआ मात्र त्यांनी पुन्हा शिजवला नाही.