भट्टीपुऱ्याचे शिलंगण

कोटनगरच्या पूर्व वेशीला लागून तटाचा एक तुकडा आहे, वीसेक हात रुंद. बाकी सगळा तट काळ्या दगडाचा, हा तेवढा तांबड्या विटांचा. पाहुणे हटकून तिथे हात लावून बघतात आणि चकित होतात, कारण भर वैशाखातही त्या विटांना ओल असते. सोबत शहरातला कोणी असला तर तो सांगतो, खाली झरा आहे. त्याला बिचाऱ्याला तसेच सांगावे लागते. अर्ध्या कोसावरच्या भट्टीपुऱ्यातले म्हातारे मात्र वेगळे सांगतात.

भट्टीपुरा ही कुंभारांची वस्ती. धूर नको म्हणून शहराने तिला वेशीबाहेर बसवले. मडकी, कौले, विटा मात्र तिच्याच लागत. तिथे गोजाई नावाची विधवा होती. वस्तीचा कारभार ती बघे आणि तिचा शब्द कोणी मोडत नसे, असे सांगतात. तिला एकच गोष्ट खुपायची. दसऱ्याला शहराची देवी कोटाई हिची पालखी शिलंगणाला निघे, वेस ओलांडून आपटा पुजे आणि तिथूनच माघारी फिरे. सीमा ओलांडून झाली ना! म्हणजे देवीच्या लेखीसुद्धा आपण परक्या मुलखातले, हे तिला दरसाल नव्याने लागायचे.

एका पावसाळ्यात तट ढासळला आणि त्याच सुमारास पेंढारी फिरत असल्याची बातमी आली. किल्लेदार रायाजीराव स्वतः भट्टीपुऱ्यात आले. एरवी तिकडून जाताना ते नाकाला शेला लावत म्हणे. त्यांना विटा हव्या होत्या. पण ओल्या दिवसांत विटा पाडता येत नाहीत, भट्टी लागते ती दिवाळीनंतर. पक्क्या विटा होत्या त्या फक्त वस्तीच्या घरांत.

"त्याच द्या," किल्लेदार म्हणाले. "पेंढारी आल्याचा नगारा झाला की वेस आधी तुमच्यासाठी उघडेल. तुम्ही काय बाहेरचे आहात? यंदा आईची पालखी भट्टीपुऱ्याच्या पलीकडे जाऊन शिलंगण करील."

बाकीचे कां-कू करत होते. गोजाईने पहिला घाव आपल्याच भिंतीवर घातला, तेव्हा सगळे हलले. बायांनी डोक्यावरून विटा वाहिल्या, तटाचे थर गोजाईने स्वतः लावले आणि वस्ती कुडाच्या खोपटांत राहायला गेली. दसऱ्याला पालखी खरोखरच आली आणि भट्टीपुरा ओलांडून पुढे गेली. त्या दिवशी गोजाई पोटभर रडली. आता आपण शहराचे झालो, असे तिला मनापासून वाटले.

चौथ्या दिवशी दुपारी नगारा झाला. पोराबाळांसह सगळी वस्ती धावत वेशीशी आली, तर दार बंद. गोजाईच्या कडेवर तान्हा नातू होता. तिने दार बडवले. वरून किल्लेदारांचा आवाज आला, "आता दार उघडणे नाही. शहराची हद्द वेशीशी संपते."

"आन् परवा आईला आमच्या म्होरं न्हेलीत त्ये?"

"पालखीची गोष्ट वेगळी."

गोजाईच्या लेकाने, हणमाने, कुदळ उचलली. नव्या तटाचा चुना अजून कच्चा होता, दोन घावांत वाट झाली असती. पण त्या वाटेने पेंढारीही आत गेले असते. गोजाई विटांना पाठ लावून मधे उभी राहिली. "आत बी लेकरंच हायती," ती म्हणाली. "आपण लावलेली वीट आपण काढायची न्हाई." मग वस्ती मातीच्या खाणींकडे पळाली. निम्मी माणसे तिथवर पोचलीच नाहीत. गोजाईचा नातूही गेला. पेंढाऱ्यांना तट फुटला नाही आणि शहर शाबूत राहिले. रात उलटल्यावर ती परत येऊन त्या विटांना टेकून बसली. त्यांतला चुना तेव्हापासून वाळलाच नाही, असे म्हणतात.

पुढल्या दसऱ्याला किल्लेदार पालखी घेऊन पुन्हा भट्टीपुऱ्याकडे निघाले, जणू मधे काही घडलेच नव्हते. गोजाई वस्तीसह वाटेत उभी होती.

"हद्द येशीशी संपती म्हणालात न्हवं? मंग आईला हितनंच माघारी न्या. आमचं शिलंगाण आमी करतो."

आणि पालखीच्या शेजारून सगळी वस्ती वेशीतून आत शिरली.

भट्टीपुरा हल्ली महापालिकेत आहे. तसा फलक लागला आहे, नगरसेवकही निवडून जातो. पण आजही दसऱ्याला शहर वेशीतून बाहेर पडते आणि भट्टीपुरा नवे कपडे घालून आत येतो. शहरातले लोक सोने पुढे करतात, ते कोणी घेत नाही. चौकापर्यंत जाऊन सगळे मुकाट्याने परत फिरतात. वाटेत एखाद्या म्हातारीला विचारा, कुठे निघालात आजी? ती थांबत नाही. चालता चालता सांगते, "परमुलखात."