ऐकू येण्याआधी

मेडिकल आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राऊंड घ्यायचा, असं कॉलेजनं ठरवलं. डॉ. निफाडकरांना ते पटलं नाही. "छातीतले आवाज ओळखायला नर्स कशाला हवी?" म्हणत त्यांनी नर्सिंगच्या मुलींना मागे उभं केलं.

वॉर्डात चार दिवस तापानं फणफणलेली चिमुकली रेवा धाय मोकलून रडत होती. सरांनी स्टेथोस्कोप लावला, विद्यार्थ्यांनीही लावला. रडण्यापुढे कुणालाच काही ऐकू येईना.

नर्सिंगची सविता पावरा पुढे आली. तिनं पोरीला कडेवर घेऊन पाठ थोपटली. हुंदके हळूहळू थांबले.

"सर, आवाज तुम्ही ओळखा," ती म्हणाली, "शांतता आम्ही करून देतो."

सरांनी पुन्हा कान दिला. डाव्या फुप्फुसात न्यूमोनियाची करकर स्पष्ट होती. त्यांनी स्टेथोस्कोप सविताच्या कानांना लावला.

"ऐक बाळा, तूही ऐक."