दयाळपाखरांचं हिरवं घर

एक होता गड. हो हो, राजाही होता, येतोय तो, जरा दम धरा! आधी गड. त्याचं नाव कातळगड. सगळीकडे नुसता काळा दगड. झाड म्हणाल तर औषधाला नाही. आणि त्या गडावर एक राजा. स्वभावाने अगदी गरीब. शिपायालासुद्धा "अहो" म्हणायचा.

मग काय झालं, राजाचं लग्न झालं. राणी आली नदीकाठच्या गावाहून. तिचं नाव मथुरा. तिच्या माहेरी आमराई काय, चिंचा काय, वड काय, काही विचारू नका! आणि राणी कशी? भारी उतावळी. डोक्यात आलं की हात चालू. तर तिची पालखी गड चढत होती ना, तेव्हा मागोमाग कोण आलं, सांगा बघू? पाखरांची जोडी! काळीपांढरी, शेपटी अशी वर. दयाळ म्हणतात त्यांना. माहेरच्या आंब्याला एक ढोली होती, म्हणजे खोडातली पोकळी, बरं का. तिच्यात ती राहायची. घरची लेक निघाली तशी तीही निघाली.

रोज सकाळी दयाळ शीळ घालायचा आणि राणी खिडकीकडे धावायची. परक्या घरात तिचं हक्काचं असं तेवढंच होतं. सासूबाई होत्या, पण त्या मोजकंच बोलायच्या. राणीला वाटायचं, यांना मी मुळीच आवडत नाही.

मग चैत्र जवळ आला. दयाळिणीची अंडी घालायची वेळ झाली. आता अंडी घालायची कुठे? झाडच नाही, तर ढोली कुठली! मग दयाळ खिडकीत येऊन म्हणाला, "राणी राणी, पाडव्यापर्यंत घर नाही मिळालं, तर आम्ही आपले परत जातो."

राणी तडक राजाकडे गेली. "पाखरं गेली की मीपण चालले! दादाला निरोप धाडते. पाडव्याला येईल तो पालखी घेऊन. या दगडांत माझं आहेच कोण?" राजाच्या हातातला घास हातातच राहिला.

पण राणी रडत बसणारी नव्हे. तिने पदर खोचला. पाखरांना घर हवं ना? मीच करते! आणि साधंसुधं नाही, वर बाग असलेलं!

मग तिने रुखवतातली चांदीची घागर काढली. आडवी केली. वर मातीचा थर दिला, त्यात मोगरा लावला. तोंडाशी मोत्यांचं तोरण बांधलं आणि घागर टांगली बुरुजावर. काय दिसत होती म्हणून सांगू! दयाळ आला. ऊन मी म्हणत होतं. त्याने एक पाय आत ठेवला आणि लागला नाचायला. हा पाय वर, तो पाय वर! चांदी तापली होती ना! "राणी राणी, घर झकास! पण बाळं माझी भाजतील ना!" दिगू, हसतोस काय? त्याचे पाय पोळले होते बिचाऱ्याचे.

मग राणी म्हणाली, चांदी नको, माती घ्यावी. कुंभाराकडून मडकी आणवली. एक आडवं ठेवलं राहायला, एक वर ठेवलं झाडांना. इथेच थांबायचं की नाही? पण नाही! तिने तांबडा रंग लावला, पिवळा लावला, मोर काढले. तरी मन भरेना. मग चहूकडून आरसे चिकटवले, लखलख लखलख! दयाळ आला. आरशात बघतो तर दुसरा दयाळ! मग हा फुगला. तोही फुगला. याने चोच मारली. त्यानेही मारली. दिवसभर नुसती हाणामारी! शेवटी धापा टाकत म्हणतो, "राणी राणी, घर झकास! पण शेजारी भांडकुदळ आहे ना!"

आणि पाडवा आला उद्यावर.

आता मात्र राणीचं अवसान गळालं. ती स्वयंपाकघरात गेली, पाण्याच्या माठाला कपाळ टेकलं आणि हमसून हमसून रडली. रडता रडता तिला कसं गार वाटलं. तिने डोळे उघडले. आणि बघते तर काय, माठावर एक हात! हिरवागार हात! पाचही बोटं, तळवा, सगळं इवल्या इवल्या पानांचं.

राणी रडायचंच विसरली. कुणाचा हा हात? तिने आपला पंजा लावून पाहिला. तो हात मोठा होता.

"माझा आहे तो," मागून सासूबाई म्हणाल्या. "अळीव भिजवले होते. ते बुळबुळीत, हाताला चिकटलेले. तसाच हात लागला माठाला. माठ पाझरतो, मग उगवले."

"अळीव कशाला?"

"लाडवांना. आल्यापासून वाळत चालली आहेस. दिसत नाही का मला?"

"म्हणजे... माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी? माझ्या दातांना झेपतात का लाडू!"

राणीने काय करावं? सासूबाईंना मिठीच मारली! आणि दुसऱ्या क्षणी ओरडली, "सासूबाई, मडकी! अळीव! चला, चला!"

मग दोघी बसल्या मांडी ठोकून. एक मडकं आडवं केलं, पाखरांना राहायला. त्याच्यावर दुसरं ठेवलं, पाण्याने भरलेलं. रंग नाही, आरसा नाही. वरचं पाझरणार, खालचं गार राहणार. मग चार हातांनी दोन्हींवर अळीव थापले. झालं! पण अळीव रुजायला दोनतीन दिवस लागतात, आणि पाडवा तर सकाळी. राणीचा हात सारखा शिवशिवत होता. सासूबाई म्हणाल्या, "हात लावशील तर याद राख." मग ती हातांवर बसून राहिली.

सकाळ झाली. गुढी उभी करायची तयारी चालली. इतक्यात दयाळ आला, मडक्यासमोर बसला आणि त्याने शीळ घातली. टुक्कन एक कोंब वर आला! दुसरी शीळ, दुसरा कोंब! मग तो थांबेचना, आणि अळीवही थांबेनात. गुढी उभी राहिली तोवर घर हिरवंगार! दयाळीण आत गेली. दयाळ आत गेला. मग त्याने डोकं बाहेर काढलं. "राणी राणी, घर झकास!"

सगळे "पण"ची वाट बघत राहिले. राजाने तर डोळेच मिटून घेतले. पण "पण" आलाच नाही! मग काय, अख्खा गड नाचायला लागला!

एवढ्यात भाऊ आला पालखी घेऊन. "चल मथुरे, न्यायला आलोय."

"न्यायला? आत्ता? अरे, इथे बाळंतपण आलंय! वरच्या मडक्यात पाणी कोण घालेल? सासूबाईंनी एकट्यांनी करायचं का सगळं? माझं घर टाकून मी कशी येऊ रे दादा?"

"माझं घर" म्हणाली ना ती, तेव्हा सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. आणि राजा एवढा खूश झाला, की त्याने मेहुण्यालाच पालखीत बसवलं आणि वाजतगाजत गडभर मिरवलं.

मग घरोघरी तशी मडकी टांगली गेली. चिमण्या आल्या, मैना आल्या, काळा गड हिरवा झाला. दयाळांची पिल्लं उडाली, राणीलाही लेकरं झाली. सगळी आनंदात राहिली. सुमे, पांघरूण ओढ नीट. दिगू, आता एक शब्द नाही. त्यांची पिल्लं केव्हाच झोपली. झोपा बघू तुम्हीपण.