रत्नसागराचे मासे कुणी मारले?

तळ्यातले मासे पटापट मरत होते आणि त्याचं खापर भोयांच्या डोक्यावर फुटलं होतं.

तळ्याचं नाव रत्नसागर. रणकेसरी राजाची राजधानी त्याच्याच काठावर. राजाच्या साठीचा उत्सव पंधरा दिवसांवर आलेला, आणि राजघाटापाशी रोज सकाळी मेलेल्या माशांचा खच पडलेला. घाण वास थेट महालाच्या गच्चीपर्यंत जाऊ लागला, तेव्हा राजाने नीळकंठ जलपंडिताला बोलावलं. या जलपंडिताने पाण्यावर दोन जाडजूड ग्रंथ लिहिले होते. पाण्यात मात्र तो आंघोळीपुरताच उतरला होता. तो पालखीतून घाटावर गेला, नाकाला अत्तराचा रुमाल लावून पालखीतूनच तळं पाहिलं आणि परत येऊन म्हणाला, "महाराज, हे भोयांचं काम. गेळफळं कुटून पाण्यात टाकली आहेत. मासे गुंगतात आणि आयते हाती लागतात."

राजाने विचार करायची तसदी घेतली नाही. चार दिवसांत भोईवाडा तळ्याकाठून उठवायचा, असा हुकूम सुटला.

दुसऱ्या दिवशी ठकू दरबारात येऊन उभी राहिली. ही भोईवाड्यातली जाळी विणणारी बाई. वय चाळिशीचं, आवाज शांत.

"महाराज, एवढं मोठं तळं मारायचं तर शंभर गाड्या गेळफळं लागतील," ती म्हणाली. "आमच्या सगळ्या वाड्यात मिळून गाडी एकच आहे, आणि तिचंही चाक मोडलंय."

दरबारी हसले. आपल्याआधी दुसरं कुणी हसलेलं राजाला खपत नसे.

"मग कुणी मारले?" तो गरजला. "मुदत संपायच्या आत खरा गुन्हेगार माझ्यासमोर उभा कर. नाहीतर वाडा उठलाच म्हणून समज."

"गुन्हेगार कोणीही असला तरी चालेल, महाराज?"

"कोणीही असला तरी. माझा शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ठकूने डोणी पाण्यात घातली. ओढा तळ्याला मिळतो तिथे मासे मजेत उड्या मारत होते. जसजसा राजघाट जवळ आला, तसतसे ते मलूल होत गेले. घाटापाशी तर रोहू, कटला सगळे तोंड वर काढून धापा टाकत होते. एकटी मरळ तेवढी धडधाकट होती. मरळ वर येऊन हवा पिते, हे भोयाच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणजे या माशांचा श्वास कोंडत होता. ठकूने ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. नासक्या दुधाचा आंबूस भपकारा आला.

तेवढ्यात घाटावर शिंगं वाजली आणि घागरी रित्या होऊ लागल्या. राजाच्या साठीनिमित्त गेले पंधरा दिवस तळ्याला दुधाचा अभिषेक चालला होता. घरटी एक घागर, असा राजाचा हुकूम. गावातली तान्ही पोरं पेजेवर, आणि तळं दुधावर!

ओतलेलं दूध पाण्यात नासत होतं आणि त्यानेच माशांचा श्वास कोंडत होता, हे ठकूला कळलं. राजाची चूक राजाच्या तोंडावर सांगायची कशी? डोणी काठाला लागेपर्यंत तिचं ठरलं. आपण नाही सांगायचं. ज्याचं ऐकलं जातं त्याच्याच तोंडून वदवायचं.

त्याच दिवशी तिने दरबारात दोन घंगाळं मांडली. दोन्हींत ओढ्याचं स्वच्छ पाणी, दोन्हींत पाच-पाच चिमुकले मासे.

"पंडितजी, यातल्या एका घंगाळात सकाळ-संध्याकाळ तांब्याभर दूध ओताल? अभिषेकाचं पुण्य या जिवांनाही लाभू दे."

"तुझ्या वाड्यात कुणाला पुण्याची एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं," जलपंडित नाक मुरडत म्हणाला. पण पुण्याला नाही कसं म्हणणार? त्याने दोन दिवस मंत्र म्हणत स्वतःच्या हाताने दूध ओतलं. घंगाळांपाशी राजाचा पहारा होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दरबार भरला. एका घंगाळातले मासे सुळसुळ फिरत होते. दुसऱ्यात फाटलेल्या दुधाच्या गाठी तरंगत होत्या आणि पाचही मासे पोट वर करून पडले होते. राजाने नाकाला शेला लावला.

"पंडितजी," ठकूने विचारलं, "हे पाच कुणी मारले? दूध तुमच्याच हातचं होतं."

जलपंडिताने एकदा राजाकडे पाहिलं, एकदा पहारेकऱ्याच्या भाल्याकडे, आणि त्याला घाम फुटला.

"माझा काय दोष? मी नुसतं ओतलं. ज्याने ओतायला सांगितलं, गुन्हेगार तो!"

"शास्त्रात असंच आहे?"

"अगदी असंच! हात दोषी नसतो, हुकूम दोषी असतो!"

रत्नसागरात दूध ओतायचा हुकूम कुणाचा, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. फक्त जलपंडिताच्या डोक्यात ते जरा उशिरा शिरलं, आणि तो हळूच खांबाआड सरकला.

राजाच्या भुवया चढल्या. "ठकू, मी तुला गुन्हेगार माझ्यासमोर उभा करायला सांगितलं होतं."

ठकूने खाली वाकून मुजरा केला.

"तेवढं जमलं नाही, महाराज. गुन्हेगार सापडला, पण तो बसलाय. आणि त्याला उठवायचा अधिकार माझ्यासारख्या भोईणीला नाही."

राजाच्या मिशा थरथरल्या आणि तो असा खदखदून हसला की मुकुट सावरायला दोन्ही हात लागले. हसत हसत तो सिंहासनावरून उठला.

"घे, राहिला उभा! उद्यापासून तळ्यात दुधाचा थेंब पडणार नाही. घागरी ज्याच्या त्याच्या पोरांकडे जातील. आणि रत्नसागर आजपासून भोईवाड्याच्या नावे. बोल, जलपंडिताची जागाही तुलाच देऊ?"

"नको, महाराज. पंडितजींनाच राहू द्या," ठकू म्हणाली. "घाटावर मेलेले मासे उचलायला माणूस लागणारच आहे. फक्त पालखी काढून घ्या, वाकायला अडचण होते."

राजाला पुन्हा हसू अनावर झालं, पण या खेपेला दरबारी त्याच्याआधीच हसून मोकळे झाले होते.