कॉइलचं पांघरूण

नळाला नदीचं पाणी यायचं थांबून बोअरचं जड, क्षारांचं पाणी यायला लागलं, त्या दिवसांतली ही गोष्ट. इंदुताईंच्या न्हाणीघरात एक गिझर होता आणि त्याच्या पोटातल्या काळोखात एक कॉइल राहायची.

पाणी रोज आत यायचं आणि तिच्या कानाशी लागायचं, "बाई गं, किती तापतेस. घे हे, अंगावर घे." जाताना तिच्या अंगावर एक पातळ पांढरं पांघरूण ठेवून जायचं. कॉइलला बरं वाटायचं.

खाली नळाशी तांब्याचा हंडा होता. त्यालाही पांढरं चढायचं, पण दर शुक्रवारी इंदुताई त्याला चिंचेनं खसाखसा घासायच्या. एकदा तो कळवळत म्हणाला, "कॉइलबाई, ते काढून घ्या. जरा कुरकुर करा, म्हणजे ताई उघडून बघतील."

"चिंचेनं घासून घ्यायला मी काय भांडं आहे?" कॉइल म्हणाली.

पांघरुणावर पांघरूण चढत गेलं. पुढे तिला हंडा ऐकू येईना, मग पाणीही ऐकू येईना. तिची आग बाहेर जाईना, आतच फिरत राहिली. ती ओरडली, तेव्हा आवाज दगड झालेल्या पांघरुणावर आपटून तिच्याकडेच परत आला.

इंदुताईंच्या हाताला पाणी गारच लागलं. मिस्त्रीनं गिझर उघडला, तर आत हाडासारखी पांढरी कांडी. "जळून तडकलीय," तो म्हणाला. त्यानं नवी बसवली आणि झाकण लावलं.

हंडा कान देऊन बसला. नळ सुरू झाला. नवी कॉइल अजून तापलीही नव्हती, तोच वरून तो मऊ आवाज आला, "बाई गं, किती तापतेस."