आधी समोरच्याचा वाटा

फार पूर्वी, एका राज्याच्या अगदी टोकाला, समुद्र जिथे जमिनीत शिरून निवांत पडून राहतो, तिथे एक खाडीपट्टा होता. तिथली माणसे मीठ पिकवत. राज्यात कुठल्याही घरी आमटी शिजली, तरी तिच्यातले मीठ याच खाडीचे असे.

हा पट्टा राज्यात होता, पण थोडा वेगळाही होता. राजाच्या पणजोबांनी खाडीवाल्यांना वचन दिले होते की तुमची पंचायत तुमची, तुमचे तंटे तुम्ही सोडवा, आमचा अंमलदार तुमच्यावर बसणार नाही. मिठाच्या दर सहा राशींतली एक राजाची. बदल्यात समुद्राकडचा दगडी बांध राजाने सांभाळायचा. दर बारा वर्षांनी दोन्हीकडची माणसे एकत्र बसत आणि करार नवा करीत.

या खेपेला मात्र गाडे अडले. मुलखात दोन वर्षे दुष्काळ होता, मीठ विकून बाहेरून धान्य आणायचे होते, म्हणून राजाने सहापैकी तीन राशी मागितल्या. बांधाचा दगड पाच वर्षांत आला नव्हता, म्हणून खाडीवाले एकही रास द्यायला तयार नव्हते. दोन दूत आले आणि रागावून परत गेले. शेवटी राजाने आपल्या म्हाताऱ्या दिवाणाला पाठवले. शिमग्याच्या पुनवेपर्यंत तीन राशी कबूल झाल्या नाहीत, तर पंचायत मोडून सुभेदार बसवायचा, असा हुकूम होता. खाडीवाल्यांचेही ठरले होते. सुभेदार आला, की मिठाच्या वाफ्यांत समुद्राचे पाणी घ्यायचेच नाही. मग राज्याने अळणी जेवावे.

पंचायतीची म्होरकी पन्नाशीची एक बाई होती. लहानथोर सगळे तिला आक्का म्हणत. दिवाण आला त्या दुपारी तिने त्याला आपल्याच घरी जेवायला बसवले. गरम पेज वाढली आणि पानाच्या कडेला मीठ ठेवले. मीठ पिकवणाऱ्यांच्या घरी पाहुण्याच्या पेजेत आधी मीठ घालत नाहीत, ज्याचे त्याने हाताने घ्यायचे असते. दिवाणाने मिठाला हात लावला नाही. पेज तशीच संपवली.

"मीठ राहिलं की," आक्का म्हणाली.

"चालतं तसंच. घरातलं माणूस गेल्यापासून लक्षात राहत नाही."

आक्काने भिंतीकडे पाहिले. तिच्या घरातही एक पाट तीन वर्षे भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

संध्याकाळी पंचायत भरली. दिवाणाने कागद उलगडून घसा साफ केला, तशी जमलेली माणसे हसू लागली. दिवाणाला कळेना, आपले काय चुकले.

"दिवाणजी, तो कागद ठेवा," आक्का म्हणाली. "आमच्याकडे वाटणीला बसल्यावर आपल्या तोंडाने आपला वाटा मागत नाहीत. समोरच्याचा मागतात. सख्खे भाऊ वेगळे होतात ना, तेव्हाही."

"पण मला राजाने पाठवलंय. मी राजासाठीच मागणार."

"राजासाठी मी मागते. तुम्ही आमच्यासाठी मागा."

"मला तुमचं काय ठाऊक?"

"आणि मला राजाचं काय ठाऊक? म्हणून तर म्हणते, पंधरा दिवस तुम्ही इथे राहा. मी तुमच्या गाडीने तुमच्या गावी जाऊन येते."

मागून एक म्हातारा म्हणाला, "बैल जपून हाक गं आक्का. सरकारी आहेत, चालायची सवय नसेल."

दिवाणाने आयुष्यात पुष्कळ करार केले होते, पण असले काही ऐकले नव्हते. मात्र आपण हात हलवत परतलो तर पुढे कोण येणार, हे त्याला ठाऊक होते. तो राहिला.

पहिले दोन दिवस तो नुसता हिंडला. तिसऱ्या दिवशी त्याला चोरी सापडली. मीठ ओढून झाल्यावरही प्रत्येक वाफ्याच्या तळाशी बोटभर जाडीचा पांढरा थर ही माणसे तशीच ठेवत होती. लपवलेले मीठ ते हेच, असे त्याने मनाशी धरले. लोक नको नको म्हणत असताना त्याने एक वाफा अगदी तळापर्यंत खरवडून घेतला. दोन टोपल्या मीठ जास्त निघाले. दिवाण खूश झाला.

त्या वाफ्यात पुन्हा पाणी घेतले. आठ दिवसांनी जे मीठ धरले, ते राखेसारखे काळे. तळाचा थर गेल्यामुळे खालचा चिखल वर आला होता. दिवाण काठावरून बघत राहिला. पंचायतीतल्या म्हाताऱ्याने फक्त एवढेच सांगितले, की हा वाफा आता यंदा रुसला.

दुसऱ्या दिवशी उधाणाची भरती होती. दगडी बांधाला कमरेएवढे खिंडार पडले होते आणि बायका चिखलाच्या टोपल्या टाकून ते बुजवत होत्या. भरती उतरली की अर्धा चिखल वाहून जाई, आणि पुढच्या भरतीला त्या पुन्हा टोपल्या उचलत. दिवाणाने उपरणे कमरेला बांधले आणि तो रांगेत उभा राहिला. त्याच्या टोपलीतला चिखल वाटेतच सांडे. बायका म्हणाल्या, "दिवाणजी, तुम्ही आपले टोपल्या मोजा." तो मोजायला गेला नाही, रांगेतून हललाही नाही.

तिकडे आक्का राजधानीत पोचली. राजा सोन्याच्या ताटात जेवत असेल, अशी तिची कल्पना होती. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात एकच चूल पेटलेली तिला दिसली. धान्याच्या कोठारात तर हाक मारली की ती परत ऐकू येत होती. मग ती दुष्काळी गावांत गेली. सोबत नेलेले मीठ तिने एका बाईच्या ओंजळीत घातले.

ती बाई म्हणाली, "मीठ मिळालं गं बाय. आता कशात घालू, ते सांग."

आक्काने गाडी खाडीकडे वळवली.

ठरल्या दिवशी दोघे समोरासमोर बसले. दिवाण उभा राहिला आणि खाडीच्या बाजूने बोलू लागला. तळाचा थर हिशेबात धरायचा नाही. दगड आधी येईल, मीठ मागून जाईल. आणि आठ राशींत एकच रास राजाची, त्याहून जास्त मागणे हे पाप आहे.

"हे काही चालायचं नाही," आक्का म्हणाली. "दुष्काळ आहे तोवर राजाला सहापैकी दोन मिळाल्याच पाहिजेत. तुम्ही राजाला बुडवायला निघालात."

"आणि तुम्ही स्वतःच्या माणसांना."

"मी कोठार बघून आलेय."

"मी बांध बघून आलोय," दिवाण म्हणाला. "उचललाय थोडा."

माणसे आधी हसली, मग पुढे सरकून बसली. अंधार पडायच्या आत ठरले. तळाचा थर वाफ्याचा, तो कोणाचाच नाही. दुष्काळ सरेपर्यंत सहापैकी दोन राशी राजाच्या, नंतर पूर्वीसारखी एक. बांधाचा दगड दरवर्षी पावसाच्या आधी यायचा, ज्या वर्षी येणार नाही त्या वर्षी राजाची एक रास इथेच राहायची. पंचायत खाडीचीच.

राजाने कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. "मी तुम्हाला कोणाच्या बाजूने पाठवलं होतं?"

दिवाणाने दोन पुरचुंड्या सोडल्या. एकीत काळे मीठ होते, दुसरीत पांढरे.

"महाराज, हे काळं मी फक्त तुमच्या बाजूने होतो तेव्हाचं. हे पांढरं त्यांच्या रीतीने काढलेलं."

राजाने दोन्ही चिमटीत धरून पाहिले. काळे जिभेवर ठेवले आणि बाजूला थुंकून टाकले.

"दुष्काळ सरला की एकच रास?"

"एकच. पण पांढरी."

राजाने शिक्का उमटवला.

पुनवेला दोन दिवस होते, तेव्हा दगडांच्या गाड्या खाडीवर पोचल्या. पुढच्या गाडीत दिवाण बसला होता. दुपारी आक्काने त्याला जेवायला बोलावले. भिंतीला टेकवलेला पाट तिने घेतला, पदराने पुसला आणि खाली मांडला. पेज वाढली.

दिवाणाने एक घोट घेतला आणि तो थांबला.

"आक्का, पेजेत मीठ नाही."

"पानाच्या कडेला आहे," आक्का म्हणाली. "पहिल्या दिवशीही तिथेच होतं."

मुलांनो, या गोष्टीचे तात्पर्य म्हणाल तर एवढेच: वाटा मागायच्या आधी समोरच्याच्या घरी चार दिवस राहून यावे. तळापर्यंत खरवडून नेणाऱ्याला एकदाच जास्त मिळते, तळ राखणाऱ्याला दरवर्षी.