चिमाईची तट्टी

नदीवर पूल नव्हता, बंधारा मात्र होता, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षं झाली. बंधाऱ्यातून पाट निघायचा आणि पाटाचं पाणी पाळीपाळीनं शेतांना जायचं.

आता कुणाला किती पाणी द्यायचं? तर झिपरू पाटकरी शेताच्या बांधावरून एक फेरी मारायचा अन् पावलं मोजायचा. जितकी पावलं तितकं पाणी. आजे-पणजे असंच करत आले होते, म्हणून कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं.

दगाजीचं शेत सापासारखं, लांब आणि अरुंद. बांध एकशेवीस पावलं. शेजारच्या सुपडूचं शेत चौकोनी, जेवायला बसायचा पाट असतो ना, तसं. त्याचाही बांध एकशेवीस पावलं. दोघांना सारखं पाणी. पण दगाजीचा गहू कमरेला लागायचा आणि सुपडूचा खालचा कोपरा दर साली वाळून जायचा.

मग एका वर्षी बंधारा निम्माच भरला. चावडीवर दगाजी म्हणाला, "सुपडूच्या जमिनीला हडळ लागली आहे. तीच पाणी पिते. तिथं पाणी घालणं म्हणजे वाळूत ओतणं."

माणसं माना हलवू लागली. उद्यापासून सुपडूची पाळी बंद, असं ठरलं. सुपडूच्या घरात सहा तोंडं, आणि वर्षाचं धान्य त्या एका शेतात.

चावडीच्या पायरीशी चिमाई बुरडीण टोपली विणत बसली होती. ती म्हणाली, "हडळ शेतात नाही रे बाबांनो. तुमच्या पावलांत आहे."

दगाजी हसला. "म्हातारे, तू बांबू सोल. शेतातलं तुला काय कळतं?"

"शेतातलं नाही कळत. टोपलीतलं कळतं."

तिनं एकशेवीस बोटं लांबीची बांबूची कामटी घेतली, टोकं बांधली आणि दगाजीच्या शेतासारखी लांबट वाकवून जमिनीवर ठेवली. आत ज्वारी पसरली, एका थरानं. पाच पसे मावले. तीच कामटी सुपडूच्या शेतासारखी चौकोनी केली. नऊ पसे मावले.

माणसं पुढं सरकून वाकून बघू लागली. एक कुत्रं भुंकत होतं, तेही बघायला आलं, असं म्हणतात.

"चेटूक आहे!" झिपरू ओरडला.

"मग तूच वाकव की."

झिपरूनं कामटी गोल केली. अकरा पसे मावले, आणि वर थोडे दाणे. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा अकरा, आणि वर थोडे. ते थोडे दाणे किती, हे शेवटपर्यंत कुणालाच नेमकं सांगता आलं नाही. कुंपण तेवढंच, आणि आतली जागा अशी वाढत जाते! म्हाताऱ्या माणसांनी नकळत हात जोडले.

मग चिमाईनं एक पाऊल लांब, एक पाऊल रुंद अशी तट्टी विणली आणि उभ्या पिकावर ती मांडत निघाली. तट्टी टेकली की गहू वाकायचा, उचलली की पुन्हा ताठ, एक लोंबी मोडली नाही, असं म्हणतात. चिमण्या पुढं पुढं उडत जागा दाखवत होत्या. दगाजीच्या शेतात पाचशे तट्ट्या बसल्या. सुपडूच्या शेतात नऊशे. आता जितक्या तट्ट्या तितकं पाणी, असं चावडीनं ठरवलं.

"म्हणजे माझं पाणी कमी झालं," दगाजी म्हणाला.

"तुझं नाही रे कमी झालं, लेकरा. त्याचं त्याला पोचलं."

दगाजी सुपडूच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन सुकत चाललेला गहू बघून आला. मग त्यानं स्वतः फावडं उचललं आणि सुपडूच्या बाजूचा पाट फोडला. त्या साली पहिल्यांदा खालचा कोपरा हिरवा राहिला.

पुढं एका पुरानंतर चिमाई कुणाला दिसली नाही. उन्हाळ्यात नदी आटते, गाळाला चौकोनी भेगा पडतात. चिमाई अजून खाली विणते आहे, असं म्हणतात.

आजही गव्हाला पहिलं पाणी सोडताना पाटकरी आधी त्या खालच्या कोपऱ्यात जातो, ओल पायाला लागली की मोठ्यानं सांगतो, "चिमाई, पोचलं!" मग कामटी गोल करून अकरा पसे ज्वारी भरतात आणि ती घरोघर वाटतात. वरचे थोडे दाणे कुणी मोजत नाही. ते चिमाईचे. ते चिमण्यांना टाकतात.